हकीकतीचा रकाना

"कॉम्प्युटरची चूक झाली" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. एकदा विजेच्या बिलाच्या खिडकीशी मी एका कारकुनाला भर रांगेत सुनावलं होतं, "अहो, तो चुकत नाही, त्याला सांगणारं माणूस चुकतं." मागच्या लोकांनी मलाच गप्प बसवलं. त्यांना काय ठाऊक, की ते वाक्य मी त्या बिचाऱ्याला नाही, स्वतःलाच ऐकवत होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझं माहेर सांगलीचं. लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा बरोबर कॉम्प्युटरचा डिप्लोमा होता आणि त्याचं नेमकं काय करायचं ते सासरी कुणालाच कळत नव्हतं. शेवटी राजवाड्याजवळ एका शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली आणि क्लास काढला. तीन मशीन, एक खडखड करणारा प्रिंटर आणि मी. सकाळी मुलं शिकायला यायची, दुपारी मिळेल ते काम करायचं. लग्नपत्रिका, सभासदांच्या याद्या, कुणाचे प्रबंध. माझा स्वतःवर फार विश्वास होता तेव्हा. आठवला की लाज वाटते.

अशाच एका दुपारी जिना वाजवत एक म्हातारे गृहस्थ वर आले. कडक इस्त्रीची पँट, पांढऱ्या मिशा, आणि खांद्यावर लोखंडी ट्रंक. कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले निवृत्त सुभेदार. ट्रंक खाली ठेवली, उघडली, आत जाड पुठ्ठ्याच्या अकरा वह्या.

"मॅडम, ह्ये समदं तुमच्या मिशनीत घालायचं हाय," ते म्हणाले. "आन मग त्येचं बुक काडायचं."

फौजेतून सुटून आल्यापासून हा माणूस सायकलवरून, एसटीनं, प्रसंगी पायी गावोगाव फिरला होता. कोरेगाव, खटाव, औंधाकडची खेडी, पार तिकडे कवठे महांकाळपर्यंत. ज्या घरातला माणूस पलटणीत गेला आणि परत आला नाही, त्या घरात जाऊन बसायचं. नाव, गाव, पलटण, कुठं पडला, हे लिहून घ्यायचं. आणि त्याखाली घरचं माणूस जे सांगेल ते, सांगेल तसं. आईनं सांगितलेलं, बायकोनं सांगितलेलं, एखाद्या ठिकाणी नुसत्या शेजारणीनं. त्याला ते 'हकीकत' म्हणायचे. नावं सरकारकडं असतात, ते म्हणाले, हकीकत कुणाकडं नसते. त्यांना ज्या-त्या घरात एक-एक पुस्तक नेऊन द्यायचं होतं.

पहिल्या वहीचं पहिलं पान त्यांच्या स्वतःच्या थोरल्या भावाचं होतं. दुसऱ्या महायुद्धात तो बर्मात गेला आणि तिकडंच राहिला. त्या पानावर त्यांच्या आईनं सांगितलेलं होतं. आई जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली होती. ते पान त्यांनी मला दाखवलं नाही. वही दिली, आणि बोटानं पान पुढं उलटलं.

काम मी मनापासून केलं, हे मात्र सांगते. एकाच लांबलचक यादीत सगळं कोंबायचं नाही, एवढं शिकले होते. तीन टेबलं केली. एकात माणसं, एकात गावं, एकात हकीकती, आणि तिन्ही एकमेकांना नंबरानं बांधलेली. टाइप करायला एक खिडकी बनवली. वर नावगाव, खाली हकीकतीसाठी मोठा रकाना. चार महिने रोज दुपारी मी त्या वह्या टाइप केल्या. काही हकीकती वाचून डोळे भरायचे, मग खाली जाऊन शिंप्याकडं चहा प्यायचा आणि परत बसायचं. तपासायला प्रिंट काढायचे, पण आमच्या प्रिंटरच्या कागदावर नाव, गाव, पलटण एवढंच बसायचं. सुभेदार चष्मा लावून एकेक ओळ तपासायचे आणि पानाखाली सही करायचे. नावात चूक सापडली की "हां, धरला!" असं म्हणायचे.

अकरावी वही संपली त्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "सगळं आत गेलं, साहेब. आता वह्या नसल्या तरी चालतील."

हे माझे शब्द आहेत. मी म्हणाले.

वह्यांची ट्रंक खांद्यावर घेऊन ते गेले, आणि दोन-तीन आठवड्यांनी आले ते रिकाम्या हातानं. मी विचारलं, ट्रंक कुठं आहे?

"सर्वपित्रीला म्हावलीला गेलो व्हतो," ते म्हणाले. "संगमावर सोडल्या वह्या. एकेक करून."

म्हावली म्हणजे साताऱ्याजवळचं माहुली, तिथं वेण्णा कृष्णेला मिळते. मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. या पोरांची हाडं कुठं-कुठं राहिली, कुणाची वाळवंटात, कुणाची बर्माच्या रानात. कुणाच्याच अस्थी घरी आल्या नाहीत. इतकी वर्षं ती सगळी मंडळी त्यांच्या ट्रंकेत होती. आता कागद मोकळा झाला, तर अमावास्येला नदीत सोडून दिलं. नावं लिहिलेला कागद रद्दीत घालवेना आणि घरात ठेवून आपल्या माघारी सुनांनी चुलीत घातला तर? "लय हलकं वाटलं बगा," ते म्हणाले. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. मी घरी जाऊन नवऱ्यालाही ते सांगितलं.

दिवाळीनंतर छापायची तयारी सुरू झाली. छापखाना सांगलीचा, मालक माझ्या वडिलांचे मित्र. त्यांनी नवीन पानं लावायचं मशीन घेतलं होतं. नाव मोठ्या अक्षरात, खाली गाव, खाली हकीकत, असं प्रत्येकाचं स्वतंत्र पान ते आपोआप लावायचं, फक्त त्याला हवी तशी खुणा घातलेली फाइल द्यायला लागायची. परत टाइप करणं म्हणजे परत चुका. म्हणून त्यांनी एका सीडीवरचा प्रोग्राम मिळवून मला दिला. तो डेटाबेसमधून, म्हणजे माझ्या त्या तीन टेबलांतून, थेट वाचायचा आणि छापखान्याला चालेल अशी फाइल बाहेर काढायचा. बरोबर विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक. "तुझं तू बघ गं," मालक म्हणाले, "आमच्या डोक्यावरनं जातंय."

खरं सांगते, पहिले दोन दिवस मला मजा आली. त्या प्रोग्रामला एक सेटिंगची फाइल भरून द्यायची असते. डेटाबेस कुठल्या जातीचा, त्याच्याशी बोलायला मधला दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, कुठला, तो कुठल्या नावानं सापडेल, आत जायचं नाव आणि परवलीचा शब्द. मग नेमकं काय विचारायचं तो प्रश्न. मग कुठला रकाना बाहेर कुठल्या खुणेखाली जाईल. एक ओळ चुकली की तो काहीच सांगायचा नाही, नुसता बंद पडायचा. ड्रायव्हर सापडत नव्हता, तो सापडला. नावात मी जागा सोडली होती, ती काढली. एकदा तर प्रत्येक माणसाला प्रत्येक गाव चिकटलं आणि मशीन दुपारभर घरघरत राहिलं. टेबलं कुठल्या नंबरानं बांधायची ते सांगायलाच विसरले होते. ते नीट केलं, आणि तिसऱ्या दिवशी फाइल बाहेर पडली. फ्लॉपी घेऊन मी सकाळच्या एसटीनं सांगली गाठली. कराडला उतरून वडापाव खाल्ला, इतकी मी खुशीत होते.

छापखान्यात पहिली वीस पानं निघाली. मालकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, एक पान वाचलं, दुसरं वाचलं.

"अगं," ते म्हणाले, "ही माणसं बोलता बोलता मधेच गप्प का होतात?"

मी पाहिलं. लहान हकीकती धड होत्या. मोठ्या सगळ्या वाक्याच्या मध्यात तुटल्या होत्या. एका आईचं सांगणं "आणि मग त्या शिपायानं" एवढ्यावर थांबलं होतं.

मी हसले. खरंच हसले, कारण मला कारण माहीत होतं. त्या जाड इंग्रजी पुस्तकात मी वाचलं होतं, की हा प्रोग्राम एका रकान्यातून जास्तीत जास्त दोनशे पंचावन्न अक्षरखुणा उचलतो आणि जास्त हव्या असतील तर तसं सेटिंगमध्ये लिहावं लागतं. मराठीच्या एकेका अक्षराला त्या फॉन्टमध्ये दोन-दोन, तीन-तीन खुणा लागायच्या, म्हणजे पंचवीस-तीस शब्दांत खेळ खलास. "एवढंच ना, काका," मी म्हणाले, "उद्या करून आणते."

साताऱ्याला येऊन मी तिथं चार हजार लिहिलं. फाइल काढली. हकीकती तिथंच तुटल्या.

मग जे सुरू झालं ते सांगायला आजही नको वाटतं. मी ड्रायव्हर बदलला. जुना घातला, नवा घातला. मोठा मजकूर तुकड्यातुकड्यानं वाचायचं एक सेटिंग होतं, ते चालू केलं. पुण्याला, सीडी जिथून आली तिथं, एसटीडी बूथवरून फोन केले. पलीकडचा माणूस दर वेळी विचारायचा, "मॅडम, लांबीचं सेटिंग बघितलं का?" आणि मी दर वेळी त्याच्यावर खेकसायचे. क्लासच्या मुलांवर खेकसायचे. मी त्या प्रोग्रामला, तो लिहिणाऱ्यांना, छापखान्याच्या मशीनला शिव्या दिल्या. सगळ्यांना दिल्या. एका माणसाला सोडून.

कारण एक साधी गोष्ट मी करत नव्हते, आणि आता वाटतं, मला ती करायचीच नव्हती. तुटलेल्या ओळीतल्या खुणा मी कधी मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर दोनशे पंचावन्न भरल्या नसत्या.

तेराव्या-चौदाव्या दिवशी, दुपारची वेळ, खाली शिंप्याचं मशीन चाललेलं. मी तो प्रोग्राम बंद केला आणि थेट माझ्या टेबलालाच विचारलं, हकीकतीच्या रकान्यातली सगळ्यात लांब नोंद किती लांब आहे? उत्तर लगेच आलं. दोनशे पन्नास. बरोबर दोनशे पन्नास. अशा किती? निम्म्याहून जास्त. मी परत विचारलं. परत तेच आलं.

मग मी टाइप करायची ती खिडकी, माझीच, उघडून तिचा कोड वाचला. तिथं ती ओळ होती. आणि ती ओळ लिहिल्याचा दिवसही डोळ्यांपुढं आला. टेबल केलं तेव्हा मी वरवर चाळून पाहिलेल्या हकीकती दोन-दोन ओळींच्या होत्या, म्हणून रकाना अडीचशेचा ठेवला. टाइप करायला बसले तर पहिल्याच पानाला मशीन ओरडायला लागलं, मजकूर बसत नाही म्हणून. रकाना वाढवायचा म्हणजे टेबल परत बांधायचं, अर्धा दिवस जाणार. मी एक ओळ लिहून टाकली. मजकूर जास्त झाला तर पहिले अडीचशे घे आणि गप्प बस. ओरडू नकोस. येत्या रविवारी नीट करू, असं ठरवलं. रविवारी नणंदेला बघायला पाहुणे आले. पोहे, चहा, धावपळ. सोमवारी मशीन ओरडलं नाही, म्हणून मलाही आठवलं नाही. चार महिने मी त्या बायांचं सांगणं शब्द न् शब्द टाइप करत होते, डोळे पुसत होते, आणि बटण दाबलं की माझीच ओळ त्याचं शेपूट छाटून टाकत होती.

तो प्रोग्राम बिचारा खरं बोलत होता. आत होतं तेवढं तो बाहेर देत होता.

आणि वह्या कृष्णेत होत्या.

आठ दिवस मी सुभेदारांना काही कळवलं नाही. त्यांचा निरोप आला, छापखान्याचं काय झालं? मी सांगितलं, काम चालू आहे. खोटं बोलले. त्या आठ दिवसांत मला कितीदा वाटलं, की क्लास बंद करावा, सांगलीला निघून जावं, कुणाला तोंड दाखवू नये. शेवटी ते स्वतःच आले. जिन्यावर त्यांचे बूट वाजले.

मी सगळं सांगितलं. रकाना, ती ओळ, रविवार, काही लपवलं नाही. ते खुर्चीत ताठ बसून ऐकत होते.

"म्हंजी निम्मं हाय, निम्मं न्हाई," ते म्हणाले.

"हो."

"आन वह्या म्या सोडल्या."

"मीच म्हणाले होते, की वह्या नसल्या तरी चालतील."

"चालतील म्हनला व्हता. सोडा म्हनला न्हवता." त्यांनी खिशातून चष्मा काढला. "रडू नगं पोरी. तुटल्यालं कोन कोन हाय, त्येची यादी काड."

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मॅडमची पोरी झाले, तीही अशा दिवशी. मी यादी काढून दिली. खडखड करत ती निघतच राहिली, संपेना.

पुस्तक झालं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. पण त्या हिवाळ्यात ते यादी घेऊन परत गावोगाव फिरले, त्या वयात. एकदा मीही बरोबर गेले, कवठे महांकाळच्या बाजूला. बसस्टँडपासून तासभर चाललो, दोन्ही बाजूंना वाळलेली ज्वारी. त्या घरातल्या म्हातारीनं नवऱ्याबद्दल दोन पानं सांगितली होती, मला टाइप केल्याचं आठवत होतं, काय टाइप केलं ते आठवत नव्हतं. दारात तिची सून उभी राहिली.

"आवं, आत्या जाऊन दोन वर्सं झाली की," ती म्हणाली.

सुभेदारांनी विचारलं, "मामंजींचं तुला कवा काय बोलल्या व्हत्या का?"

"मला? न्हाई बा. घरात कवा नावबी काडलं न्हाई त्यांनी."

तिनं आम्हाला चहा दिला. जी गोष्ट त्या म्हातारीनं घरात कधी काढली नाही, ती तिनं या परक्या माणसाला सांगितली होती, आणि माझ्यापर्यंत येऊन ती संपली. असंच बऱ्याच घरांतून झालं. कुणी गेलेलं, कुणाला आता उमज नाही. एक-दोघींनी परत सांगितलं, पण ते लिहून घेताना सुभेदार म्हणायचे, ह्ये त्ये न्हवं, तवा निराळं बोलली व्हती.

फाल्गुनात एका दुपारी ते आले. जिना चढताना दोनदा थांबले. यादी त्यांनी घडी करून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आता माज्या भावाचं काड."

इतके दिवस त्यांनी ते विचारलं नव्हतं. दुसऱ्यांची सगळी घरं आधी, आपलं शेवटी. ते पान तुटलेल्यांत आहे हे त्यांना यादीवरून माहीत होतं, पहिलंच नाव होतं ते. मी नोंद काढली आणि वाचायला लागले. त्यांच्या आईचं बोलणं, त्यांनी उतरवलेलं, आणि माझ्यापाशी उरलेलं.

"जायच्या दिशी त्यानं सकाळच्याला गोठा लोटला. म्या म्हनलं, आज कशाला? तर म्हनला, उद्यापास्नं तुलाच हाय. जेवला न्हाई, ताक प्याला. येशीपतूर संगं गेले. तितं त्यानं माज्या हातात"

मी थांबले. पुढं काही नव्हतंच.

ते ओठ हलवत होते. "माज्या हातात," ते म्हणाले. "माज्या हातात..." मग मान हलवली. "परत वाच."

मी परत वाचलं. या वेळी तेही माझ्याबरोबर म्हणत होते, गोठा, ताक, वेस, सगळं पाठ असल्यासारखं, आणि तिथं येऊन दोघंही थांबलो. मी तेव्हा मामाच्या गावाला होतो, ते म्हणाले, मला काही दिसलं नाही, जे आहे ते म्हातारीच्या तोंडचं. एकदा लिहून ठेवलं म्हणून परत डोक्यात घोळवलं नाही. त्यांनी स्वतःचा तळहात उघडून बघितला. रुमाल असेल का, असं विचारलं, मग स्वतःच म्हणाले, न्हाई, रुमाल न्हाई. परत वाच.

तिसऱ्यांदा वाचलं. चौथ्यांदाही मी शेवटच्या शब्दापर्यंत गेले.

"त्येच्या फुडं म्हातारी लय रडली व्हती," ते म्हणाले. "एवडं ध्यानात हाय. कशापायी, त्ये न्हाई."